उत्स्फूर्त सममितीभंग आणि अदिश कणांचे वस्तुमान

सैद्धांतिक भौतिकशास्त्रात एखाद्या प्रणालीचे नियम सममित असूनही तिची न्यूनतम ऊर्जेची अवस्था, म्हणजेच निर्वात अवस्था, ती सममिती पाळत नसेल, तर त्यास उत्स्फूर्त सममितीभंग असे म्हणतात. अशा भंगानंतर काही अदिश कणांना, म्हणजे शून्य स्पिन असलेल्या कणांना, वस्तुमान असते, तर काही वस्तुमानरहित राहतात.

यंत्रणा

दोन घटक असलेल्या अदिश क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेचा आलेख मध्यभागी उंचवटा आणि त्याभोवती वर्तुळाकार दरी अशा आकाराचा असू शकतो. उंचवट्याच्या माथ्यावर क्षेत्राचे मूल्य शून्य असते आणि सर्व दिशा समान असतात; परंतु ही अवस्था अस्थिर असते. क्षेत्र दरीच्या तळाशी कोणत्यातरी एका बिंदूवर स्थिरावते व सममिती भंग पावते.

कणाचे वस्तुमान त्या बिंदूपाशी असलेल्या आलेखाच्या वक्रतेवरून ठरते. दरीच्या चढाच्या दिशेने वक्रता असल्यामुळे त्या दिशेच्या कंपनाशी निगडित कणाला वस्तुमान असते. दरीच्या तळातून फिरताना मात्र ऊर्जा बदलत नाही. त्यामुळे त्या दिशेचा कण वस्तुमानरहित असतो. त्यास गोल्डस्टोन बोसॉन म्हणतात. जेफ्री गोल्डस्टोन यांनी १९६१ मध्ये हा निष्कर्ष मांडला. १९६२ मध्ये त्यांनी अब्दुस सलाम व स्टीव्हन वाइनबर्ग यांच्यासह त्याची सिद्धता दिली.

सममिती केवळ अंदाजे असेल, तर दरीचा तळ किंचित कललेला असतो आणि या कणांनाही अल्प वस्तुमान मिळते. पायॉन हे छद्म-अदिश कण प्रोटॉनच्या सुमारे एक-सप्तमांश वस्तुमानाचे असण्याचे कारण हेच आहे.

हिग्ज बोसॉन

१९६४ मध्ये रॉबर्ट ब्राउट व फ्रान्स्वा आंग्लेर, पीटर हिग्ज, तसेच गुराल्निक, हेगन व किबल यांनी दाखवले की, गेज सममितीच्या बाबतीत गोल्डस्टोन बोसॉन स्वतंत्र कण म्हणून उरत नाहीत. गेज बोसॉन त्यांना सामावून घेऊन वस्तुमान प्राप्त करतात. प्रमाणित प्रतिकृतीतील हिग्ज क्षेत्राच्या चार घटकांपैकी तीन अशा रीतीने डब्ल्यू व झेड बोसॉनांमध्ये सामावले जातात. उरलेला चौथा घटक म्हणजे हिग्ज बोसॉन.

हिग्ज क्षेत्राचे निर्वात मूल्य सुमारे २४६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ते क्षीण बलाच्या मापनावरून कळते. आलेखाची वक्रता मात्र सिद्धांतावरून ठरत नाही, त्यामुळे हिग्ज बोसॉनचे वस्तुमान प्रयोगानेच शोधावे लागले. ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे या कणाचा शोध जाहीर झाला. त्याचे वस्तुमान सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट आहे. तळापासून दूरचा आलेखाचा आकार तपासण्यासाठी हिग्ज बोसॉनच्या जोड्यांच्या निर्मितीचा शोध सुरू आहे.