एकशे साठाव्या क्रमांकाचा इतिहास

टेनिसच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की चषक उचललेल्या बायकांची नावं आपोआप तोंडात येतात. आज मी अशा एका खेळाडूबद्दल बोलणार आहे जिला ग्रँड स्लॅमच्या एकेरीची मुख्य फेरी खेळायला मिळाली नाही. तिचा एकेरीतला सर्वोच्च क्रमांक १६०. तो आला २ मार्च २०२० रोजी. नाव अंकिता रैना.

यात इतिहास कुठला, असं कोणी विचारेल. माझं म्हणणं असं की एखाद्या खेळाची खरी रचना कळायची असेल तर शिखरावरच्या दहा जणींकडे बघून काही कळत नाही. त्यांना विमानाचं तिकीट कोण काढतं याची काळजी नसते. दीडशे ते तीनशे या पट्ट्यातली बाई कशी जगते, कुठल्या गावात खेळते, तिचा हिशेब कसा जुळतो, हे पाहिलं की सगळी यंत्रणा उघडी पडते.

तसं पाहिलं तर ‘खालच्या क्रमांकाची खेळाडू’ ही गोष्टच तशी अलीकडची. १९३४ साली लीला राव विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकल्या. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. मराठी श्रोत्यांना त्यांची दुसरी ओळख जवळची वाटेल: पुण्यात जन्मलेल्या, संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची ही मुलगी. आई स्वतःही टेनिसपटू. पण लीलाबाईंचा जागतिक क्रमांक किती होता, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. खेळ हौशी होता, बक्षिसाचे पैसे नव्हते, आणि ज्यांना परवडत होतं तेच बोटीने इंग्लंडला जात होते. व्यावसायिकांना दारं उघडली १९६८ मध्ये, आणि बायकांची संगणकावरची क्रमवारी सुरू झाली नोव्हेंबर १९७५ मध्ये. त्या दिवसापासून प्रत्येक खेळाडूच्या कपाळावर एक आकडा बसला. तो बहुतेक सोमवारी बदलतो.

आता अंकिताकडे येऊ. जन्म ११ जानेवारी १९९३, अहमदाबाद. घर काश्मिरी पंडितांचं. चौथ्या-पाचव्या वर्षी हातात रॅकेट. २००७ मध्ये ती पुण्याला आली, हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला. वय चौदा. आई तिच्यासोबत पुण्यात, वडील नोकरीसाठी मागे. आपल्याकडे खेळाडूच्या मागे असं दोन गावांत वाटलेलं घर नेहमीच दिसतं, आणि त्याचा खर्च कुठल्याही पुरस्काराच्या यादीत येत नाही. गुजरात सरकारच्या ‘शक्तिदूत’ योजनेतून तिला मदत मिळाली. ती मिळाली नसती तर आज बोलायला विषय राहिला असता की नाही, मला शंका आहे.

का, ते सांगतो. इथे थोडा हिशेब करायला हवा, कंटाळू नका.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, सगळ्यांत लहान स्पर्धेला १५ हजार डॉलरची स्पर्धा म्हणतात. ऐकायला मोठं वाटतं. पण ते १५ हजार सगळ्या खेळाडूंत वाटायचे असतात. आठवडाभर जिंकत राहून चषक घेतला तर एकेरीच्या विजेतीला साधारण २,३५० डॉलर. पहिल्याच फेरीत हरली तर दीडशेच्या आसपास, आणि त्यातून बहुतेक ठिकाणी करही कापला जातो. त्याच्या वरच्या पायरीवर पूर्वी २५ हजारांची स्पर्धा असायची; ती जिंकली तरी हातात यायचे चार हजारांच्या आत. याच पैशातून विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा बदलणं, आणि जमलंच तर प्रशिक्षकाचं तिकीट.

आयटीएफनेच २०१३ च्या आकड्यांवरून एक पाहणी केली होती. त्यात असं निघालं की एका महिला खेळाडूचा वर्षाचा खर्च सरासरी ४० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने २३-२४ लाख रुपये. प्रशिक्षकाचं मानधन यात धरलेलंच नाही. आणि बक्षिसांच्या पैशातून हा खर्च भरून निघायला बाईचा जागतिक क्रमांक किती असावा लागतो? २५३. त्याच्या खाली असलेली प्रत्येक जण स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा सरकारच्या खिशातून खेळत असते.

योगायोग बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीत फेड कपच्या लढती झाल्या तेव्हा अंकिताचा क्रमांक नेमका २५३ होता. तिने चीनच्या लिन झूला हरवलं, जी १२० वी होती. दुसऱ्या दिवशी कझाकस्तानची युलिया पुतिन्त्सेवा, क्रमांक ८१. तिलाही हरवलं, तीन सेटमध्ये. या आधी नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या सीसीआयवरच्या सव्वा लाख डॉलरच्या स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली होती. २५३ आणि ८१ या क्रमांकांमधलं अंतर खेळाचं कमी आणि साधनांचं जास्त असतं, असं मी म्हणतो ते अशा निकालांमुळे. एका दिवसापुरतं ते अंतर नाहीसं होतं. वर्षभर ते नाहीसं ठेवायचं म्हणजे मात्र सोबत प्रशिक्षक हवा, फिजिओ हवा, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी स्वस्तातलं विमान शोधत बसायची वेळ येऊ नये.

एप्रिल २०१८ मध्ये ती पहिल्या दोनशेत आली. निरुपमा वैद्यनाथन, सानिया मिर्झा, शिखा उबेरॉय, सुनीता राव यांच्यानंतरची पाचवी भारतीय महिला. पाचच. एवढ्या मोठ्या देशात, क्रमवारी सुरू होऊन चार दशकं उलटल्यावर. या यादीतल्या निरुपमाबद्दल एक वाक्य बोलायलाच हवं. ती कोइमतूरची, सर्वोत्तम क्रमांक १३४, आणि १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिने एकेरीत पहिली फेरी जिंकली. खुल्या युगात असं करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ‘द मूनबॉलर’ हे तिचं आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा.

दोनशेच्या आत आल्याने काय होतं? ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जणी असतात. क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो साधारण १०४ जणींना. त्यांच्यामागच्या शंभरेक जणी पात्रता फेरी खेळतात. तिथे लागोपाठ तीन सामने जिंकले तर मुख्य फेरीचं दार उघडतं. आणि तिथे पहिल्याच सामन्यात हरलं तरी मिळणारे पैसे २५ हजारांची स्पर्धा जिंकण्यापेक्षा जास्त असायचे. म्हणून या पट्ट्यातल्या बाईचं वर्ष चार तारखांभोवती फिरतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये यातली एक तारीख आशियाई क्रीडा स्पर्धेवर येऊन आदळली. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपनची पात्रता फेरी ज्या आठवड्यात, त्याच आठवड्यात इंडोनेशियातल्या पालेम्बंगला आशियाई स्पर्धेचं टेनिस. अंकिता दोनशेच्या आत होती. ती पालेम्बंगला गेली. तिथे ना बक्षिसाचे डॉलर, ना क्रमवारीचे गुण. उपांत्य फेरीत ती चीनच्या झांग शुआईकडून हरली, दुसरा सेट टायब्रेकपर्यंत नेऊन. आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्य मिळतं. एकेरीत आशियाई पदक मिळवणारी सानियानंतरची ती दुसरी भारतीय महिला ठरली. मला हा निर्णय अंकिताच्या कारकिर्दीतला सगळ्यांत बोलका वाटतो. आपण पदक मोजतो. त्यासाठी सोडलेला आठवडा कुणी मोजत नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये चीनच्या युनान प्रांतात आनिंग इथे तिने समँथा स्टोसुरला हरवलं. स्टोसुर म्हणजे २०११ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला हरवणारी. त्या विजयाची बातमी आपल्याकडे आली, पण आठवडाभरात विरली. क्रमवारीचं गणितच तसं आहे. गुण बरोबर ५२ आठवडे टिकतात, मग गळून पडतात. गेल्या वर्षी या आठवड्यात जिंकली असेल तर यंदा पुन्हा जिंकायचं, ते नुसतं जागच्या जागी राहण्यासाठी. आजारी पडायची सोय नाही.

मार्च २०२० मध्ये दुबईत फेड कपच्या आठवडाभरात भारत पाच देशांशी खेळला. ऋतुजा भोसले, अंकिता आणि आई झाल्यानंतर परतलेली सानिया. शेवटची लढत इंडोनेशियाशी. ऋतुजा हरली, अंकिता जिंकली, आणि मग सानिया-अंकिताने निर्णायक दुहेरी जिंकली. भारत पहिल्यांदाच जागतिक गटाच्या प्ले-ऑफला पोचला. त्याच आठवड्यात अंकिता १६० वी होती. शंभराचं दार दिसू लागलं होतं. आणि मग करोनामुळे जगभरचं टेनिस बंद पडलं. क्रमवारी गोठवली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या सर्वोच्च जागी असताना, महिनोन्‌महिने स्पर्धाच नाहीत.

२०२१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनने महिलांची पात्रता फेरी मेलबर्नऐवजी दुबईत घेतली. त्याच दिवसांत अंकिताला २८ वर्षं पूर्ण झाली. दोन सामने जिंकली. तिसऱ्या सामन्यात, सर्बियाच्या ओल्गा डॅनिलोविचविरुद्ध, पहिला सेट ६-२ असा घेतला. अजून एक सेट मिळाला असता तर मुख्य फेरी. पुढचे दोन सेट गेले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. टेनिसमध्ये ‘लकी लूझर’ नावाचा एक प्रकार असतो. मुख्य फेरीतून कोणी ऐन वेळी माघार घेतली तर पात्रता फेरीत शेवटी हरलेल्यांपैकी एकीला बोलावतात. त्या वर्षी अशा काही जणींना आधीच मेलबर्नला नेऊन ठेवलं. अंकिता त्यांच्यात होती. दुबईहून विमान, १४ दिवसांचं विलगीकरण, आणि मग कुणाचा तरी पाय मुरगळण्याची वाट पाहणं. दुसऱ्याचं दुखणं हीच आपली संधी, आणि तरी मनात ते येऊ द्यायचं नाही. नाव काही पुकारलं गेलं नाही. दुहेरीत मात्र रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर जागा मिळाली, आणि अंकिता पहिल्यांदा ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत उतरली. पहिल्याच सामन्यात हरली.

त्यानंतरच्या आठवड्यात, लवकर बाद झालेल्यांसाठी, मेलबर्नमध्येच एक स्पर्धा भरवली होती. नाव ‘फिलिप आयलंड ट्रॉफी’, आणि बेटाचा त्यात नावापुरताच संबंध. रशियाच्या कामिला राखिमोवाला जोडीला घेऊन अंकिताने दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात पहिला सेट गमावून. डब्ल्यूटीएच्या मुख्य मालिकेतलं विजेतेपद, सानियानंतर असं जिंकणारी दुसरी भारतीय. २८० गुण, आणि दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत प्रवेश. बक्षीस? दोघींत मिळून ८ हजार डॉलर. म्हणजे अंकिताच्या वाट्याला चार हजार, २५ हजारांच्या लहान स्पर्धेत एकेरी जिंकल्यावर तेव्हा मिळायचे जवळपास तेवढेच.

२०२१ हे तिचं सगळ्यांत भरगच्च वर्ष. एप्रिलमध्ये लाटव्हियात प्ले-ऑफ, समोर फ्रेंच ओपनची माजी विजेती येलेना ओस्तापेंको, सामना तीन सेट चालला, भारत हरला. विम्बल्डनला मिश्र दुहेरीत रामकुमार रामनाथनबरोबर पहिल्याच फेरीत गाठ पडली ती सानिया आणि रोहन बोपण्णाशी. मग टोकियो ऑलिंपिक. सानिया-अंकिता जोडीने युक्रेनच्या किचेनोक भगिनींविरुद्ध पहिला सेट ६-० घेतला, दुसऱ्यात ५-३ अशी आघाडी. तिथून सामना निसटला: टायब्रेकमध्ये एकही गुण नाही, आणि निर्णायक टायब्रेक १०-८ असा प्रतिस्पर्ध्यांचा. बहुतेक भारतीयांना अंकिताचं नाव कळलं ते त्या दिवशी, आणि कळलं ते हरलेली म्हणून. हे मला खटकतं. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, ते कितीजणांच्या लक्षात आहे?

त्यानंतर एकेरीचा क्रमांक उतरत गेला. १६० च्या वर ती पुन्हा गेली नाही. पण खेळणं थांबलं नाही. लहान स्पर्धा, बहुतेक वेळा दुहेरी, आणि देशाचा संघ. फेड कपचं नाव मध्यंतरी बिली जीन किंग कप झालं. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा आशिया-ओशियानिया गट पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीला झाला. एकेरीची धुरा आता श्रीवल्ली भामिदिपाती आणि वैदेही चौधरी यांच्यासारख्या तरुण मुलींकडे होती. संघात बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, आणि ३२ वर्षांची अंकिताही. शेवटच्या दिवशी भारताने दक्षिण कोरियाला हरवलं आणि पुन्हा एकदा प्ले-ऑफ गाठला, २०२० नंतर प्रथमच.