रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे? : जयकर समितीपासून टोलनाक्यापर्यंत

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस रस्त्यांच्या इतिहासावर कशाला बोलतोय, असं काहींना वाटलं असेल. पण राज्याचे महामार्ग आखणं म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या लोकांसाठी आज पैसे बाजूला काढणं. तेव्हा हा प्रश्न जितका इंजिनिअरांचा, तितकाच कर्तव्याचाही आहे. मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे: पैसा जिथून येतो, त्यावर रस्ता कुठे जाणार हे ठरतं.

सुरुवात १९२७ पासून करू. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या. बैलगाडीसाठी बांधलेले रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडत होते. रस्ते प्रांतांकडे होते, आणि प्रांतांनी त्यातले बरेचसे स्थानिक बोर्डांवर सोपवलेले. बोर्डांची मिळकत ती किती! म्हणून बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ मध्ये सांगितलं की रस्ते हा स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेरचा, सबंध देशाचा विषय आहे, आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा. १ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. गॅलनमागे दोन आणे जादा.

या निधीचा एक गुण नीट लक्षात घ्या. वर्ष संपलं म्हणून त्यातली शिल्लक बुडत नसे. मार्चअखेर सरकारी कचेऱ्यांत पैसे खर्ची टाकायची काय घाई असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्याचं काम पाच-सात वर्षं चालतं, आणि अर्थसंकल्प मात्र दर वर्षी नव्याने मांडला जातो. ही अडचण जयकरांच्या काळात ओळखली गेली होती. निधी बांधून ठेवणं म्हणजे सरकारने स्वतःलाच घातलेली शपथ.

पण त्यात एक कलही होता. प्रांतांना वाटा मिळायचा तो पेट्रोलच्या खपाप्रमाणे. जिथे मोटारी जास्त, तिथे पैसा जास्त. जिथे रस्ताच नाही तिथे मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणून पैसाही नाही.

याला उत्तर मिळालं नागपुरात. डिसेंबर १९४३, महायुद्ध चालू आहे. निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना तयार केली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही विभागणी तिथली. 'प्रांतिक'चं पुढे 'राज्य' झालं, एवढंच. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं माप. विकसित शेतीच्या प्रदेशात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे मोजणी गावाकडून सुरू केली. किती मैल लागतील याचं सूत्रच त्यांनी मांडलं: शेतीखालचं क्षेत्र, गावांची आणि शहरांची संख्या, त्यातून असलेल्या रेल्वेची लांबी वजा. शिवाय येत्या वीस वर्षांतल्या वाढीसाठी १५ टक्के वेगळे धरले. उद्याच्या माणसांचा हिशेब आजच्या कागदावर मांडला, तो असा.

दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे नागपूरचं लक्ष्य होतं. पुढे १९६१ च्या मुंबई योजनेने ते ३२ केलं आणि १९८१ च्या लखनऊ योजनेने ८२. नागपूरची लांबी तर मुदतीआधीच पूर्ण झाली. पण किलोमीटर भरले तरी पूल राहिले होते, मधले तुकडे जोडायचे राहिले होते. आकडा भरणं आणि रस्ता होणं यात फरक असतो.

राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकीचे रस्ते राज्यांकडे दिले. राज्यांचा हात आखडता. मग आपल्याकडे १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ आलं. कर्जरोखे काढा, रस्ता बांधा, टोलमधून फेडा. त्यातून २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रस्ता चांगला झाला, गरजेचाही होता. जो वापरतो त्याने द्यावं, हे तत्त्वही अन्यायाचं नाही. पण २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन दिला गेला. १९२९ चा निधी आजच्या वाहनधारकाकडून घेऊन उद्यासाठी ठेवत होता. इथे उद्याच्या प्रवाशाचे पैसे आजच उचलले. दिशा उलटी झाली.

आणि टोलचं माप म्हणजे दिवसाला गाड्या किती. ज्या ग्राम मार्गावरून सकाळ-संध्याकाळ एक एसटी आणि काही दुचाक्या जातात, त्याला कोण कर्ज देणार? त्या रस्त्याला पावसाळ्यानंतर जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या तरतुदीची वाट पाहावी लागते.

या दोन मापांचा मेळ एकदा बसला होता. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने डिझेलवरच्या उपकरातला निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखला, आणि त्याच वर्षी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. महामार्गावर धावणाऱ्या ट्रकच्या डिझेलमधून वाडीचा रस्ता! जयकरांचा पैसा आणि नागपूरचं माप, दोन्ही एकत्र आले. पण २०१८ मध्ये या निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले आणि रस्त्यांखेरीज इतर कामांनाही तो खुला झाला. ती कामंही उपयोगाचीच असतील. पण शपथ सैल केली की ज्याला बाजारात पत नाही, त्याचंच काम आधी मागे पडतं.

आज नागपूरहून मुंबईकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. त्याचं कौतुक जरूर करावं. मात्र ज्या नागपुरातून तो निघतो, तिथेच एकदा रस्ता गावाकडून मोजला गेला होता. तेव्हा यापुढे नवी रस्ते योजना जाहीर झाली की नुसते किलोमीटर वाचू नका. पैसा कोणत्या खात्यातून येणार, दुरुस्तीसाठी किती बांधून ठेवलाय, आणि शेवटचं गाव रस्त्यापासून किती लांब राहणार, हे विचारा. नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे.