डोळ्यामागचे तीन मिलिमीटर

पापणी मिटलेली. तिच्यावर जेल आणि जेलवर, डोळ्यावर भार न देता, टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब. पडद्यावर नेत्रगोलाचं काळं वर्तुळ दिसतं, त्याच्या मागून दृष्टिचेतेचा काळपट पट्टा निघालेला असतो. डॉक्टर नेत्रगोलामागे बरोबर ३ मिलिमीटरवर खूण करतात आणि तिथं चेतेवरच्या आवरणाची रुंदी मोजतात. कवटीतला दाब वाढला की ही रुंदी वाढते. अपघातात डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या मेंदूवर दाब आला आहे का, याचा अंदाज कवटीला भोक न पाडता काही मिनिटांत मिळतो.

या मापाची कुळी दीडशे वर्षांहून जुनी. हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण बनवलं. ते वापरून बर्लिनच्या फॉन ग्रेफनं १८६० मध्ये, मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या दृष्टिचेतेचं तोंड सुजलेलं असतं, हे नोंदवलं. सूज का येते, याचा धागा थोड्याच वर्षांत श्वाल्बे या शरीररचनातज्ज्ञाला सापडला. मेंदूभोवतीची द्रवानं भरलेली पोकळी दृष्टिचेतेच्या आवरणात थेट डोळ्यामागपर्यंत जाते, हे त्यानं दाखवलं.

तरीही सूज नेमकी कशानं येते, हा वाद मिटला नाही. तो मिटवण्यात मोठा वाटा पंजाबात जन्मलेल्या सोहनसिंग हयरेह यांचा. लंडनमध्ये काम करताना त्यांनी माकडांच्या कवटीत छोटा फुगा बसवून तो फुगवत नेला आणि एकाच बाजूच्या दृष्टिचेतेचं आवरण उघडलं. कवटीतला दाब दोन्ही बाजूंना सारखाच, पण आवरण उघडलेल्या डोळ्याची सूज उतरली. म्हणजे दाब डोळ्यापर्यंत पोचतो तो या आवरणातूनच. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या सगळ्या कुळकथेतला सर्वांत देखणा वाटतो. एका साध्या छेदानं जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

इकडे अमेरिकेत मुंट आणि ह्यूज यांनी १९५६ मध्येच डोळ्यावर अल्ट्रासाउंड वापरला होता. दोन्ही वाटा पुढे एकत्र आल्या. जर्मनीतल्या हेल्मके आणि हान्सेन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की दाब वाढल्यावर आवरणाचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त फुगतो, म्हणून मोजायचं ते ३ मिलिमीटरवर. ग्रेफनं पाहिलेली सूज यायला बरेच तास, कधी दिवस लागतात. आवरण मात्र लगेच ताणलं जातं.

पण किती रुंद म्हणजे ताणलेलं? अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत ५ मिलिमीटरची मर्यादा रूढ झाली. बांगलादेशातल्या निरोगी लोकांत सरासरी सुमारे ४.४ आली, चीनमधल्या निरोगी प्रौढांत मध्यक ५.१. म्हणजे ५ ची मर्यादा सरसकट लावली तर चीनमधली अर्ध्याहून जास्त धडधाकट माणसं आजारी ठरतील आणि बांगलादेशातला एखादा खरा रुग्ण नजरेतून सुटेल. रुग्ण ओळखायचा तर आधी आपल्याच भागातली निरोगी माणसं मोजायला हवीत.

बीड जिल्ह्यात हे काम अंबाजोगाईला शोभेल. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते याच गावच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते. ऊसतोडीच्या फडांवर जाणाऱ्या आणि रस्त्यावरच्या अपघातांत सापडणाऱ्या या जिल्ह्यात न्यूरोसर्जन दर तालुक्याला मिळणार नाही, सोनोग्राफीचं यंत्र मिळेल.

मात्र त्या यंत्राचा इथला इतिहास दुखरा आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानं यंत्राची नोंदणी सक्तीची केली आहे, आणि ती कडकच राहिली पाहिजे. नोंदणीतलं तेच यंत्र डोक्याला मार लागलेल्याच्या उशाशी नेता यावं, एवढंच मागणं आहे.

मोजणीची रीत ठरलेली आहे. दोन्ही डोळे, आडवा आणि उभा असे दोन छेद, आणि एकाच माणसाची मापं दोन डॉक्टरांनी एकमेकांचे आकडे न पाहता घ्यायची. सोबत वय, उंची, वजन आणि नेत्रगोलाचा व्यासही लिहायचा, कारण मोठ्या डोळ्यामागे आवरणही रुंद असू शकतं.