दोन दामोदरराव आणि एक होकार

वंशावळीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांत एक मत पक्के रुजले आहे. दोन भाऊबंदांनी आपापल्या परीने केलेल्या फाइली एकत्र करणे म्हणजे निव्वळ हमाली. मूळ प्रत जपून ठेवा, एक फाइल दुसरीत आयात करा, दुबार नोंदी शोधणारे साधन चालवा आणि जी जोडी जुळलेली दिसेल तिला होकार द्या. दुबार नोंदी जितक्या कमी, तितकी वंशावळ शुद्ध! हा झाला पूर्वपक्ष, आणि तो मला साफ अमान्य आहे.

त्यात तथ्य आहे तेवढे आधी देऊन टाकू. फाइली जोडणे खरेच सोपे आहे. वंशावळीच्या फाइलींसाठी 1984 पासून चालत आलेल्या जेडकॉम या मांडणीत प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक असतो आणि तो त्या फाइलीपुरताच असतो. आयात करताना सॉफ्टवेअर नवे क्रमांक देऊ शकते. इथवर कोणाचे काही बिघडत नाही. फार तर एकच आजोबा दोनदा दिसतात. वाद आहे तो पुढच्या होकाराशी. ‘या दोन नोंदी एकाच माणसाच्या’ असे म्हणणे हा निवाडा आहे, आणि निवाड्याला पुरावा लागतो.

झाशीचे नेवाळकर घराणे घ्या. समजा, एक फाइल नेवाळकरांच्या बाजूने केलेली आहे, दुसरी तांब्यांच्या. एकीत गंगाधररावांची पत्नी लक्ष्मीबाई, दुसरीत मोरोपंत तांब्यांची कन्या मणिकर्णिका. जन्मवर्ष कोणी 1828 देतो, कोणी 1835. छापील पुस्तकांत दोन्ही सापडतात. बाई एकच, पण नाव वेगळे, आडनाव वेगळे, साल वेगळे. नावे-साले ताडून पाहणारे यंत्र या दोन नोंदी शेजारी ठेवणारच नाही.

आता उलट बाजू. गंगाधरराव-लक्ष्मीबाईंना 1851 मध्ये झालेला मुलगा दामोदरराव काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये, गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव दत्तक घेतला गेला आणि त्याचेही नाव दामोदरराव ठेवले. एका फाइलीत पहिलाच मुलगा असेल आणि दुसरीत दुसराच, तर नाव, आडनाव, आई, बाप सगळे तंतोतंत जुळते. होकार दिला की तान्हेपणी गेलेले मूल इंदुरात राहून 1906 साली वारते, आणि वासुदेवरावांचा आनंदराव मात्र कुठेतरी एकटा लटकत राहतो. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला. आपण तर दत्तकालाच औरस करून टाकतो.

राजघराण्याचे उदाहरण अपवादात्मक, असे कोणी म्हणेल. उलट, मराठी घरांत हाच नेम आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, म्हणून महादेव गोविंद, गोविंद महादेव आणि पुन्हा महादेव गोविंद. गाव तेच, जुन्यांच्या जन्मतारखा कोणालाच ठाऊक नाहीत. लेकीचे नाव सासरी बदलते. दत्तक बहुधा भाऊबंदांतलाच. त्यात कालगणना. शके 1775 मधल्या माघातला प्रसंग 1854 मध्ये पडतो. पण घाईघाईने 78 मिळवणारा 1853 लिहून मोकळा होतो. जेडकॉमच्या 5.5 या आवृत्तीत ज्यू आणि फ्रेंच क्रांतीच्या पंचांगांनाही जागा आहे, शालिवाहन शकाला नाही.

‘दोन स्वतंत्र फाइली एकच सांगतात, आणखी काय हवे?’ हा युक्तिवाद तर सर्वांत लाडका आणि सर्वांत पोकळ. दोन्ही भाऊबंदांनी एकाच छापील कुलवृत्तांतावरून टंकले असेल, तर साक्षीदार एकच; तो फक्त दोनदा बोलला. कुलवृत्तांतातली छपाईची चूकही मग दोन आधारांनी सिद्ध होते.

मग करायचे काय? आश्चर्य असे की, जेडकॉम रचणाऱ्यांनी हा पेच ओळखला होता. दोन नोंदी कदाचित एकाच व्यक्तीच्या असतील, असे सांगून त्या नुसत्या जोडून ठेवण्यासाठी ‘ए-एल-आय-ए’ अशी स्वतंत्र खूण त्यात आहे. अनेक सॉफ्टवेअर तिला टोपणनाव समजतात, हा सॉफ्टवेअरचा दोष. या पद्धतीने तक्त्यात एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. ज्यांना भिंतीवर लावायला तक्ता हवा त्यांनी त्यासाठी वेगळी, विलीन केलेली प्रत खुशाल करावी. मूळ नोंदी तशाच राहू द्याव्यात, कारण विलीन झाल्यावर कोणता आधार कोणत्या नोंदीचा होता हे सांगता येईलच असे नाही, आणि चूक उमगली तरी उसवायला धागा हाती लागत नाही.

विलीनीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. मणिकर्णिका आणि लक्ष्मीबाई या नोंदी मी निःशंक एक करीन; दोन्ही जन्मवर्षे आपापल्या आधारासह ठेवीन आणि एक का केल्या याचे टिपण तिथेच लिहीन. आनंदराव आणि दत्तक दामोदरराव हेही एक करीन, पण आईबापांच्या दोन जोड्यांसह: एक जन्माची, एक दत्तकाची. जेडकॉममध्ये तशी सोय आहे. 1851 चा दामोदरराव मात्र वेगळाच राहील, दुबार नोंदींचे साधन त्याला कितीही वेळा पुढे आणो.