डायलमधली रबरी कडी

मंडळी, ज्यांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना डायलचा दोरा नक्की आठवत असेल. तो तुटला की बटण फिरे, पण काटा जागचा हलत नसे. हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या कित्येक जुन्या संचांत अशीच एक किरकोळ वस्तू सगळा कारभार सांभाळते. ती म्हणजे रबराची कडी.

स्टेशन नेमके लावायचे, तर बटण पुष्कळ फिरावे आणि आतला गँग कंडेन्सर मात्र थोडाच सरकावा लागतो. १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशनल कंपनीने आपल्या ‘एचआरओ’ संचात हे काम मळसूत्री दातेरी चाकांवर सोपवले. बटणाचे १० फेरे आणि त्यांत ५०० भाग! दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश टिपायला ब्रिटिशांनी हे संच वापरले. पण अशी यंत्रणा महाग पडते. शिवाय दात्यांत जराशी मोकळीक राहिली, तर बटण उलटे फिरवताना डायल मागे रेंगाळते. म्हणून पुढे अनेक संचांत घर्षणाचा सोपा मार्ग आला. दांड्यावर रबर आणि ते डायलच्या कडेला टेकलेले. दातेच नाहीत, तर मोकळीक कुठून येणार?

१९५०नंतर हॅम मंडळींत सिंगल साइडबँड पद्धत रुजली. तिच्यात दोन-तीनशे हर्ट्‌झची चूक झाली, तरी बोलणारा माणूस बदकासारखा ऐकू येतो. त्यामुळे रबर घसरून चालेना.

पण रबराला आयुष्य असते. १८३९ साली गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून ते टिकाऊ केले खरे. तरी हवेतला ओझोन त्याला तडे पाडतोच. कुठे ते दगडासारखे कडक होते, तर कुठे गुळासारखे चिकट. लोखंड शाबूत राहते आणि चार आण्यांच्या कडीपायी संच अडगळीत जातो.

यावर तोड सापडते ती यंत्रांच्या दुकानात. नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश-अमेरिकन कारागिराने वयाच्या ७२व्या वर्षी, १९३७ साली, गळती थांबवणाऱ्या ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९३९ साली मिळाले. तीच कडी आज डायलला चालते.

संचाची वायर काढल्यावरही आत घातक दाब साठून राहतो, म्हणून जाणकाराला सोबत घ्यावे. जुने चिकट रबर स्पिरिटने पुसावे. कडी किंचित ताणून बसेल अशी निवडावी; फार घट्ट झाली तर दांड्यावर ताण येतो. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही, पण ओझोनपुढे नमते. ईपीडीएमचे नेमके उलट. म्हणून ईपीडीएम बसवले, तर तेलाची बाटली दूर ठेवावी.

आणि गोंदाने कायमचे चिकटवण्याचा मोह टाळावा. नवी कडीही कधीतरी झिजणारच. जुनी कडी पाकिटात घालून, त्यावर माप लिहून संचासोबत ठेवावी. तीस वर्षांनी तो उघडणाऱ्याला तेवढे पुरेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)