कोठारात भरलेला वर्ग

गावच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या ताईंकडे बघून कुणी सहज म्हणतं, "यात शिकायचं काय? कपाटातून काढायचं आणि द्यायचं!" पण या कामाची पदवी असते, पदव्युत्तर पदवीसुद्धा असते. हे शिक्षण सुरू झालं तेच मुळी बायकांवरून झालेल्या भांडणातून. ती हकिगत आज ऐकूया.

साल १८८७. अमेरिकेतलं न्यूयॉर्क शहर. तिथल्या कोलंबिया कॉलेजचे ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी ग्रंथपालनाचा पहिला वर्ग काढला. वीस विद्यार्थी आले, त्यांतल्या सतरा बायका! कॉलेजच्या विश्वस्तांना बायका वर्गात नको होत्या. त्यांनी खोली द्यायला नकार दिला. मग रस्त्यापलीकडची एक कोठाराची खोली झाडूनपुसून घेतली आणि वर्ग तिथे भरला. पुढे वाद वाढला. १८८९ मध्ये शाळाच तिथून हलली आणि अल्बनी या गावी गेली. त्या कॉलेजात मुलांच्या बरोबरीने मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळायला १९८३ साल उजाडलं.

आता ड्युई साहेबांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. शिकलेल्या बायका कमी पगारावर मिळतात, हा हिशेबही त्या काळी होताच. पुढे बायकांशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारींमुळे त्यांना ग्रंथालय संघटनेतून बाजूला व्हावं लागलं. दार उघडलं, पण आत बरोबरीचा मान नि मोल मिळायचं राहिलंच. हे आपल्याला काही नवं नाही.

ही विद्या आपल्याकडे आणली ती आपल्याच मातीतल्या एका राजानं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड दत्तक जाऊन बडोद्याचे महाराज झाले. अमेरिकेतली वाचनालयं पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. गावोगाव वाचनालयं निघाली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या.

मग मद्रासचे रंगनाथन आले. मूळचे गणिताचे शिक्षक. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यांतला एक असा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. म्हणजे पुस्तक नुसतं सांभाळून ठेवायचं नाही, माणसापर्यंत पोचवायचं. त्यासाठी पुस्तकांची वर्गवारी, सूची, वाचकाची गरज ओळखणं हे सगळं शिकावं लागतं. आता त्यात संगणकही आला.

आज कोणत्याही शाखेची पदवी झाली की ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते आणि त्यानंतर पदव्युत्तर पदवी. घर, शेत सांभाळून शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठाची वाट आहे. प्रवेश घेण्याआधी फी, अभ्यासकेंद्र आणि नोकरीच्या जागा यांची चौकशी मात्र नीट करा.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. तुमच्या गावातलं वाचनालय कोणत्या वर्गात मोडतं, ते कधी उघडतं, तिथे बायकांना बसायला जागा आहे का, हे गटाच्या पुढच्या बैठकीत विचारून पाहा. आणि गटातली एखादी पदवीधर लेक-सून म्हणाली, "मला ग्रंथपाल व्हायचंय," तर तिला हसू नका. तिच्या आधी सतराजणी कोठारात बसून शिकल्या आहेत.