सभापतींचे आसन

विधानसभा एका निवडणुकीत पालटते. विधानपरिषद तशी पालटत नाही. महाराष्ट्राच्या परिषदेतील 78 सभासदांपैकी 30 जणांना आमदार निवडतात, 22 जणांना स्थानिक संस्था, प्रत्येकी 7 जणांना शिक्षक व पदवीधर, आणि 12 राज्यपाल नेमतात. दर दोन वर्षांनी निवृत्त होतात ते फक्त एक तृतीयांश. म्हणूनच 2014 साली भाजप सत्तेवर आला तरी वरच्या सभागृहात तो मागेच राहिला. तेथे सर्वांत मोठा पक्ष राष्ट्रवादी काँग्रेस, पण सभासद अवघे 28. बहुमताला 40 हवेत!

सभापती शिवाजीराव देशमुख काँग्रेसचे, 2004 पासून आसनावर. 15 वर्षे एकत्र राज्य केलेल्या मित्रपक्षानेच मार्च 2015 मध्ये त्यांच्याविरुद्ध ठराव आणला व भाजपच्या मतांच्या बळावर तो संमत झाला. भावाभावांच्या वाटणीत शेजारी पंच व्हावा, तसलाच हा प्रकार! राष्ट्रवादीचे रामराजे नाईक निंबाळकर सभापती झाले.

मला सर्वांत बोलके वाटते ते घटनेचे 185 वे कलम. असा ठराव चर्चेस असताना सभापतीने अध्यक्षस्थानी बसावयाचे नाही. त्याने सभागृहात आपली बाजू मांडावी, इतरांसारखे एक मत द्यावे. समसमान मते पडल्यास निर्णायक मत देण्याचा अधिकार मात्र त्या दिवशी त्याला नाही.